घरच्या घरी : पुढच्या ब्रेकचे पॅड बदलताना



गणेशोत्सवात महाप्रसादाच्या रांगेत मी मसालेभात वाढत होते. तेव्हा एका काकांनी ताट पुढे करता करता विचारले, "काय हो, तुम्ही मोटारसायकलचे ब्रेकसुद्धा घरीच दुरुस्त करता म्हणे? भीती नाही वाटत?" मागे रांग मोठी होती, म्हणून मी नुसती हसले आणि डावभर भात वाढला. पण प्रश्न डोक्यात राहिला. या सदरात आजवर आपण बॉयलरचे प्रेशर वाढवले, गळके नळ बंद केले, दाराच्या बिजागऱ्या सरळ केल्या. त्यात चुकले तर फार तर जमीन ओली होते. ब्रेकचे तसे नाही. म्हणून काकांना उत्तर द्यायला आज आख्खे सदरच घेतले आहे. उत्तर असे : हो, घरीच करते. आणि हो, भीतीही वाटते. ती वाटायलाच हवी.

ज्यांना वेळ नाही त्यांनी एवढे एकच वाक्य वाचावे आणि पान उलटावे : पॅड बदलल्यावर गाडी एक इंचही हलवण्याआधी ब्रेकचा लिव्हर कडक होईपर्यंत पुन्हा पुन्हा दाबा. का, ते पुढे येईलच.

माझे माहेर मिरजेचे. बाबांची बजाज चेतक होती. तिला दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक. लायनर झिजले की बाबा गाडी कोपऱ्यावरच्या मिस्त्रींकडे न्यायचे आणि मी पायरीवर बसून बघायची. मिस्त्री चाक काढायचे, लायनर बदलायचे, केबल ताणायचे आणि मग एक शब्द न बोलता गाडीवर बसून चौकापर्यंत ट्रायल मारून यायचे. परत आल्यावर हात पुसत म्हणायचे, "न्या आता." हे ट्रायल प्रकरण लक्षात ठेवा, त्याची गरज पडणार आहे.

इथे यॉर्कशरमध्ये आल्यावर लॅबला जायला दोन बस बदलाव्या लागायच्या, म्हणून मी जुनी पाचशे सीसीची मोटारसायकल घेतली. आमच्या ह्यांना ती पसंत नव्हती, सासूबाईंना तर मुळीच नव्हती. पण आता भारतातून आल्या की त्याच शेजारणींना कौतुकाने सांगतात. पहिल्यांदा पॅड बदलायची वेळ आली तेव्हा पॅडचा जोड तीस पौंडांना मिळत होता आणि गॅरेजने मजुरीसकट त्याच्या तिप्पट सांगितले. पैसे वाचतात हे खरे. पण मी हे काम घरी करते त्याचे कारण वेगळे आहे. तासभर चाकाशेजारी बसले की पाइपला तडा आहे का, डिस्क झिजली आहे का, कुठे गळते आहे का, हे सगळे आपल्या डोळ्यांखालून जाते.

ब्रेक म्हणजे काय करतो?

लिव्हर दाबला की हँडलवरच्या छोट्या दट्ट्याने पाइपमधला द्रव ढकलला जातो. तो द्रव चाकापाशी असलेल्या कॅलिपरमधले मोठे दट्टे पुढे ढकलतो आणि ते दट्टे दोन पॅडना चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दोन्ही बाजूंनी दाबतात. शाळेत शिकलेला पास्कलचा नियम तो हाच. पॅड डिस्कवर घासतात आणि गाडीच्या वेगाची सगळी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. किती? गाडी, मी आणि पाठीवरची पिशवी मिळून अडीचशे किलो धरा. ताशी ६० मैलांवरून पूर्ण थांबायचे तर सुमारे ९० किलोज्यूल उष्णता तयार होते. तेवढ्यात साध्या तापमानाचे पाऊण ग्लास पाणी, म्हणजे जवळजवळ २७० मिलिलिटर, उकळीला येईल. एका ब्रेकमध्ये एक मोठा मग चहा! आणि थांबताना गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून यातला बराच मोठा वाटा एकट्या पुढच्या ब्रेकला उचलावा लागतो. पुढचे पॅड आधी का संपतात ते यावरून कळेल.

पॅड कधी बदलायचे?

बॅटरी घेऊन कॅलिपरच्या खालून किंवा पुढून बघा. पॅडच्या घासणाऱ्या थरात एक खाच असते. ती दिसेनाशी होत आली की पॅड संपले. खाच नसेल तर आपल्या गाडीच्या पुस्तिकेत कमीत कमी जाडी दिलेली असते. मी स्वतः दोन मिलिमीटर उरले की बदलते, कारण त्यानंतर लोखंडी पाठ डिस्कला लागायला फार वेळ लागत नाही आणि डिस्क पॅडच्या कित्येक पट महाग असते. दोन्ही पॅड बघा. एक जास्त आणि एक कमी झिजला असेल तर कॅलिपर नीट सरकत नाही असे समजावे.

इथल्या हवेत हे फार होते. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून खडेमीठ टाकतात. चेशरमधल्या विन्सफर्डला या मिठाची मोठी खाणच आहे. मिठाचे पाणी, ॲल्युमिनियमचा कॅलिपर आणि पोलादी पिना एकत्र आले की गंजायला आणखी काय हवे? दोन वेगळे धातू आणि मधे खारे पाणी म्हणजे ती एक छोटी बॅटरीच झाली. म्हणून मी पॅड थंडी सुरू होण्याआधी बघते आणि मार्चमध्ये पुन्हा एकदा कॅलिपर काढून साफ करते.

एक चूक टाळा. पॅड झिजतात तसे दट्टे बाहेर येतात आणि हँडलवरच्या डबीतली पातळी खाली जाते. ती बघून लगेच वरून भर घालू नका. आधी पॅड बघा. नवे पॅड घातले की पातळी आपोआप वर येते. आणि पॅड चांगले असूनही पातळी खाली गेली असेल तर कुठेतरी गळते आहे. मग हा लेख बाजूला ठेवून गॅरेजला फोन करावा.

"ब्रेक ऑइल" हे तेल नव्हे

आपल्याकडे सगळे ब्रेक ऑइल म्हणतात. मीही म्हणते. पण रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते तेल नाही. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ हे ग्लायकॉल ईथर जातीचे द्रव आहेत आणि पाण्यात सहज मिसळतात. ही गोष्ट तीन कारणांनी महत्त्वाची आहे.

पहिले, हा द्रव हवेतली वाफ ओढून घेतो. नवा डॉट ४ किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की हीच हमी १५५ अंशांवर येते. लांब उतारावर ब्रेक तापला आणि द्रव उकळला तर पाइपमध्ये वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडा दाबला जातो, दट्टा मात्र हलत नाही. म्हणून बहुतेक कंपन्या दर दोन वर्षांनी तो बदलायला सांगतात. बाटली उघडून वर्षभर गॅरेजात ठेवलेले ब्रेक ऑइल वापरू नका.

दुसरे, तो गाडीचा रंग खातो. टाकीवर थेंब पडला तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता. पाण्यात मिसळतो हा गुण इथे कामी येतो.

तिसरे, ब्रेकमधले सील बहुधा ईपीडीएम जातीच्या रबराचे असतात. या रबराला ग्लायकॉल चालते, पण खनिज तेल चालत नाही. साधे ग्रीस लागले की ते फुगते आणि दट्टा अडकतो. म्हणून सीलजवळ फक्त सिलिकोन ग्रीस किंवा रबरासाठीचे खास लाल ग्रीस वापरावे. चाकाच्या बेअरिंगचे ग्रीस चालत नाही.

डबीच्या झाकणावर जो आकडा लिहिला असेल तोच द्रव घाला. डॉट ५ हा सिलिकोनचा, जांभळट रंगाचा वेगळाच पदार्थ आहे. नाव ५.१ च्या जवळचे असले तरी तो यात मिसळायचा नाही.

कोणते पॅड घ्यायचे?

दोन मुख्य जाती. एकात तंतू आणि भुकटी राळेने बांधलेली असते, त्याला ऑरगॅनिक म्हणतात. दुसऱ्यात तांब्यासारख्या धातूंची भुकटी उष्णतेने आणि दाबाने एकजीव केलेली असते, त्याला सिंटर्ड म्हणतात. सिंटर्ड पॅड पावसात आणि जास्त उष्णतेत चांगले टिकतात, पण डिस्कला थोडे कडक पडतात. कंपनीने गाडीला ज्या जातीचे पॅड दिले होते त्याच जातीचे घ्यावेत. आणि अनोळखी विक्रेत्याकडून निम्म्या किमतीचे, नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीतले पॅड घेऊ नका. वाण्याच्या बिलात काटकसर करावी, इथे नाही.

लागणारे सामान : नवे पॅड, आपल्या गाडीची पुस्तिका, बोल्टच्या मापाचे पाने आणि ॲलन की, टॉर्क रेंच, ब्रेक क्लीनरचा डबा, जुना टूथब्रश, भांडी घासायचा साबण, कोमट पाणी, सिलिकोन ग्रीस, सुतळी, जुनी फडकी, रबरी हातमोजे.

धुळीविषयी एक शब्द. मिरजेचे मिस्त्री ड्रम उघडला की तोंडाने फुंकर मारायचे. आपण तसे अजिबात करू नये. पूर्वीच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचे. ब्रिटनमध्ये पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवरही १९९९ साली बंदी आली, तरी जुन्या गाडीत जुना माल असू शकतो आणि नव्या पॅडची धूळही फुप्फुसात जायच्या लायकीची नाही. फुंकर नको, हवेचा पंप नको. ब्रेक क्लीनरने किंवा साबणाच्या पाण्याने ओली करूनच पुसावी. काम दार उघडे ठेवून करावे, कारण क्लीनरची वाफ डोके दुखवते आणि पेटही घेते.

आता काम

खाली सांगते ते दोन दट्ट्यांच्या सरकत्या कॅलिपरचे आहे. साध्या गाड्यांना बहुधा हाच असतो. तुमच्या गाडीत फरक असेल तर पुस्तिका खरी, मी खोटी.

१. इंजिन गार असू द्या. गाडी सपाट जागी, स्टँडवर, गिअरमध्ये ठेवा. काम सुरू करण्याआधी पुढच्या ब्रेकचा एक फोटो काढा. जोडताना तोच गुरू.

२. पॅड ज्या पिनेवर बसतात ती पिन, कॅलिपर जागेवर घट्ट असतानाच थोडी सैल करा. कॅलिपर हातात आल्यावर ती पिन सुटता सुटत नाही.

३. टाकीवर जाड फडके टाका. डबीभोवतीची धूळ पुसा, हँडल वळवून डबी सरळ करा आणि झाकण उघडा. द्रव काठोकाठ असेल तर थोडा काढून घ्या, कारण पुढे तो वर येणार आहे.

४. कॅलिपरचे दोन बोल्ट काढा आणि कॅलिपर डिस्कवरून अलगद उतरवा. तो पाइपवर लोंबकळू देऊ नका, सुतळीने बांधून ठेवा. आता कॅलिपर मोकळा असताना लिव्हरला हात लावायचा नाही. घरात लहान मूल असेल तर त्यालाही सांगून ठेवा, कारण मुलांना लिव्हर दाबायला फार आवडते. दाबला तर दट्टे बाहेर पडतात.

५. पिन काढा, जुने पॅड काढा. आतली पत्र्याची स्प्रिंग कोणत्या बाजूने बसली आहे ते बघून ठेवा.

६. दट्टे मागे ढकलण्याआधी साफ करा. लोक इथेच घाई करतात. बाहेर आलेल्या दट्ट्यावर वर्षभराचा मळ आणि मीठ असते. तसाच मागे ढकलला तर तो मळ सीलला ओरखडे पाडतो. साबणाचे कोमट पाणी आणि टूथब्रश पुरे. मग जुना पॅड दट्ट्यांवर आडवा ठेवून हाताने हळूहळू, सरळ दाबत मागे न्या. डबीकडे एक डोळा ठेवा. द्रव वर येताना दिसेल.

७. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या काढून पुसा, सिलिकोन ग्रीसचा पातळ हात द्या. पॅडच्या पिनेवरचा गंज घासून काढा. पिनेला खोल खड्डे पडले असतील तर नवी घ्या, काही पौंडांत मिळते.

८. डिस्क बघा. कमीत कमी जाडी तिच्यावरच कोरलेली असते. क्लीनरने दोन्ही बाजू पुसा. चेनवर मारायचा स्प्रे या कामाच्या दिवशी कपाटात बंद ठेवा. तेलाचा एक फवारा डिस्कवर गेला तर नवे पॅड वाया.

९. स्प्रिंग बसवा, नवे पॅड बसवा, पिन घाला. पॅडच्या तोंडाला बोट लावू नका. पॅडचे दुसरे टोक त्याच्या खोबणीत बसले आहे ना, ते बघा. फोटोशी ताडून बघा.

१०. कॅलिपर डिस्कवर सरळ चढवा. बोल्ट आधी बोटांनी फिरवा, आटे नीट लागले की मगच पाना लावा. शेवटचा ताण टॉर्क रेंचने, पुस्तिकेतल्या आकड्याइतकाच. कमी ताण वाईट, जास्तही वाईट, कारण ॲल्युमिनियमचे आटे एकदाच माफ करतात. मग पॅडची पिन आवळा.

११. डबीचे झाकण लावा. आणि आता लिव्हर दाबा.

इथे थांबून ती गोष्ट सांगते.

दोन वर्षांपूर्वी, ऑक्टोबरमध्ये घड्याळे मागे नेली त्याच रविवारी मी पॅड बदलत होते. साडेचारलाच अंधारून आले. पाच वाजता मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाची तालीम होती आणि हॉलची किल्ली माझ्याकडे. सगळे बोल्ट आवळून झाले, टॉर्क रेंचचा 'टक' आवाज झाला, हात धुतले. तेवढ्यात फोन, "अहो, आम्ही बाहेर थंडीत उभे आहोत!" मी हेल्मेट चढवले, स्टँड काढला आणि गाडी उतारावर सोडली. आमचा ड्राइव्हवे रस्त्याकडे चांगलाच उतरता आहे. इंजिनही सुरू केले नव्हते, खाली गेल्यावर करू म्हटले.

कोपऱ्याशी लिव्हर दाबला. तो थेट हँडलला येऊन टेकला. हाताला काहीच लागले नाही, जणू हवेत मूठ मिटली. पुन्हा दाबला, तेच. पायाने मागचा ब्रेक दाबला तर ओल्या पानांवरून मागचे चाक घसरले. गाडी आडवी होता होता थांबली तेव्हा पुढचे चाक फुटपाथच्या मधोमध होते. आणि चाकापासून हातभर अंतरावर शेजारच्या आजीबाई आपल्या कुत्र्याला घेऊन उभ्या होत्या. त्यांना काही कळलेच नाही. नेहमीसारख्या हसून म्हणाल्या, "ऑल राइट, लव्ह?" मी म्हटले, "ऑल राइट." आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

काय झाले होते? ब्रेक बिघडला नव्हता. दट्टे मी मागे ढकलले होते, त्यामुळे दट्टा, पॅड आणि डिस्क यांच्यात मोकळी जागा होती. हँडलवरचा छोटा दट्टा एका दाबाला थोडासाच द्रव ढकलतो. लहान पिचकारीने मोठी बादली भरण्यासारखे आहे. पहिले काही दाब ती जागा भरण्यातच जातात. पाच-सहा वेळा, कधी दहा वेळा दाबला की लिव्हर कडक होतो आणि मग ब्रेक पूर्ण लागतो. घरी उभ्याने दाबला असता तर दहा सेकंदांचे काम. ती दहा सेकंद मी वाचवली होती.

हॉलची किल्ली ह्यांनी गाडीने नेऊन दिली. मी त्या दिवशी तालमीला गेले नाही. रात्री झोप येईना, म्हणून मिरजेला पहाट झाल्यावर बाबांना फोन केला. वाटले रागावतील. ते रागावले नाहीत. म्हणाले, "तुला आपले मिस्त्री आठवतात? काम झालं की आधी स्वतः ट्रायल मारायचे, मग गाडी आपल्या हातात द्यायचे. म्हणजे एकाच्या कामावर दोघांची नजर पडायची, आधी त्यांची, मग माझी. तू तिथं मिस्त्रीही तूच आणि गिऱ्हाईकही तूच. मग तपासलं कोणी, बाळ?"

मला उत्तर सुचले नाही. लॅबमध्ये आम्ही घातक रसायन मोजतो तेव्हा दुसऱ्या माणसाची सही लागते. मी स्वतः नव्या मुलांना शिकवते की स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही, कारण हाताने काय केले यापेक्षा डोक्यात काय ठरले होते तेच डोळ्यांना दिसते. दिवसभर हे सांगणारी मी घरी येऊन ब्रेक मात्र एकटीच्या सहीवर सोडत होते.

आता आमच्याकडे नियम आहे. काम सुरू झाले की गाडीची किल्ली लेकीकडे. ती अकरा वर्षांची आहे आणि आईची चूक काढायची संधी तिला फार प्रिय आहे. काम झाले की ती यादी मोठ्याने वाचते, मी प्रत्येक गोष्टीला हात लावून दाखवते आणि शेवटी ती स्वतः लिव्हर दाबून बघते. कडक लागला तरच किल्ली मिळते. गेल्या वेळी सासूबाई इथे होत्या. त्यांनीही दाबून बघितला आणि म्हणाल्या, "हं, आता जा." मला एकदम मिरजेचे "न्या आता" आठवले.

परत कामाकडे.

१२. लिव्हर कडक झाला की डबीतली पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे ना बघा, सांडलेले पुसा. इंजिन बंद ठेवून, पाय जमिनीवर ठेवून, सपाट जागी गाडी पुढे ढकला आणि ब्रेक लावा. चाक थांबले पाहिजे आणि लिव्हर सोडल्यावर मोकळे फिरले पाहिजे. कितीही दाबून लिव्हर स्पंजसारखा लागत असेल तर आत हवा आहे. हवा काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नका.

१३. नवे पॅड पहिल्या दिवशी पूर्ण पकड देत नाहीत. पॅड आणि डिस्क एकमेकांना पूर्ण टेकायला आणि पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसायला वेळ लागतो. मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना, ताशी ३० मैलांवरून १० मैलांपर्यंत मध्यम दाबाने वेग कमी करा. मधे गार होऊ देत असे दहा-पंधरा वेळा करा. पहिले शंभर मैल पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवा.

ज्यांच्या गाडीला पुढे दोन डिस्क आहेत त्यांनी दोन्ही बाजूंचे पॅड एकाच दिवशी बदलावेत, पण एका वेळी एकच बाजू उघडावी.

आपण कधी करू नये?

दट्टा हाताने मागे जात नसेल, सीलपाशी ओल दिसत असेल, आटे गेले असतील, पाइपला तडा असेल किंवा पुस्तिका वाचूनही एखादी पायरी समजली नसेल तर गॅरेजला द्यावे. त्यात कमीपणा नाही. गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी होते आणि तिथे ब्रेक तपासतात, पण ती तपासणी वर्षातल्या एका दिवसाची. उरलेले दिवस आपले.

खालची यादी कापून गॅरेजच्या दारावर लावा. वाचणारा दुसरा माणूस हवा, हे विसरू नका.

□ कॅलिपरचे दोन्ही बोल्ट टॉर्क रेंचने आवळले
□ पॅडची पिन आवळली, तिची टोपी लावली
□ जमिनीवर एकही बोल्ट, स्प्रिंग किंवा पत्रा उरलेला नाही
□ डबीचे झाकण लावले, पातळी दोन खुणांमध्ये
□ डिस्क कोरडी आणि स्वच्छ
□ लिव्हर कडक होईपर्यंत दाबला
□ दुसऱ्या माणसाने लिव्हर दाबून बघितला
□ ढकलून ब्रेक लागला, सोडल्यावर सुटला

टॉर्क रेंच महाग म्हणून कोणी अंदाजाने बोल्ट आवळू नये. माझा एक जास्तीचा आहे, तो दिवाळीच्या कार्यक्रमापासून मंडळाच्या ग्रंथालयाच्या कपाटात ठेवते आहे. पुस्तकांच्या वहीतच नाव लिहून न्यावा आणि पुस्तकांपेक्षा लवकर परत करावा, ही विनंती!

ज्या काकांनी प्रश्न विचारला त्यांना मुद्दाम सांगते : तुमची गाडी घेऊन एखाद्या रविवारी या. काम तुम्ही करा, यादी मी वाचीन. किल्ली मात्र आमच्या लेकीकडे राहील.

पुढच्या अंकात थंडीतला आपला सगळ्यांचा जुना पाहुणा, म्हणजे खिडकीच्या कोपऱ्यातली काळी बुरशी. तोवर जपून चालवा.

आपली,
'घरच्या घरी'वाली